ख्रिस्तपुराणातील श्रोत्याची मागणी

फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीच्या अभ्यासकांना प्रायः एका उताऱ्यामुळे ठाऊक असते. मराठी भाषेच्या थोरवीच्या त्या काही ओव्या पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि प्रस्तावनांतून इतक्यांदा उद्धृत झाल्या आहेत की, सुमारे अकरा हजार ओव्यांचा उरलेला ग्रंथ त्यांचा परिशिष्टभाग वाटावा! इंग्लंडात जन्मलेल्या एका जेज्विताने मराठीची स्तुती केली, ह्या समाधानात आपण त्याला मराठीची गरज का पडली हे विचारण्याचे विसरलो. वस्तुतः ह्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या प्रारंभीच दिलेले आहे, आणि ते कवीच्या नव्हे, श्रोत्याच्या तोंडी आहे.

पहिल्या अवस्वरात साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, तुम्ही शिकविता ते धर्मज्ञान उत्तम आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हांला का देत नाही? ही मागणी वरवर पाहता नम्र आहे. तिच्यात धर्मसिद्धांताविषयी शंका नाही, बंडाची भाषा नाही. तथापि तिचा आशय सौम्य नाही. धर्म बदलला, म्हणून संध्याकाळी चार माणसांत बसून कथा ऐकण्याची भूक संपत नाही, असे तो श्रोता सांगत आहे. श्रद्धा आणि लोकसंस्कृती ह्यांच्या संबंधाचा प्रश्न मराठीत इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी मांडला असेल.

ही मागणी ज्या भूमीत उद्भवली तिचा इतिहास नजरेआड करून चालणार नाही. साष्टीतील देवळे १५६६-६७ च्या सुमारास पाडली गेली. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर धर्मग्रंथांवर बंधने घातली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेज्वित मारले गेले. स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला होता. कुंकळ्ळीच्या घटनेच्या वेळी तो साष्टीतच होता, आणि मृत सहकाऱ्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी त्याचा हात होता. म्हणजे ज्या समाजासाठी त्याने पुढे काव्य रचले, त्या समाजाचा रोष त्याने जवळून पाहिला होता. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ह्या ग्रंथामागे ही तीन-साडेतीन तपे उभी आहेत. गंमत अशी की, ज्या कथा श्रोत्यांना निषिद्ध ठरल्या, त्यांचा अभ्यास पाद्री स्वतः कसून करीत होते. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरविलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आणि मराठी काव्ये आजही आहेत.

तेव्हा स्टीफन्सच्या ग्रंथाला ‘समन्वय’ हे नाव देण्याची जी प्रथा पडली आहे, ती तपासून पाहणे अवश्य आहे. समन्वयात दोन पक्ष एकमेकांना काही देतात. येथे एका पक्षाचे ग्रंथ हिरावले गेले आहेत, आणि त्यांची रिकामी जागा भरावयाची आहे. हा पर्याय आहे, समन्वय नव्हे. मात्र पर्याय देताना स्टीफन्सने जे ओळखले ते त्याच्या कित्येक सहकाऱ्यांना ओळखता आले नाही. उपदेशाने माणसाला कर्तव्य कळते, परंतु त्याचे मन त्यात रमत नाही; आणि जो धर्म लोकांच्या रमण्यात शिरत नाही तो प्रार्थनामंदिराच्या उंबरठ्याशीच थांबतो. ही त्याची जाण ग्रंथाच्या भाषानिवडीत स्पष्ट दिसते.

प्रास्ताविक गद्यात स्टीफन्स सांगतो की, धर्मविषयाला योग्य म्हणून त्याने मराठी निवडली; परंतु शुद्ध मराठी मधल्या लोकांना कळत नाही असे पाहून, मागील कवींचे अवघड शब्द टाळले आणि सांप्रतच्या कवींच्या रीतीने ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे साष्टीतील कोकणी होय. हे निवेदन एका सावध भाषाभ्यासकाचे आहे. ह्याच लेखकाने कोकणीचे व्याकरण रचले, जे १६४० मध्ये त्याच्या पश्चात छापले गेले. आणि १६२२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची प्रश्नोत्तररूप धर्मशिकवण कोकणी गद्यात आहे. ह्या वाटणीत एक पद्धत आहे. जे प्रत्येकाने पाठ केलेच पाहिजे ते घरच्या बोलीत, आणि जे ऐकून आनंद घ्यावयाचा ते काव्यभाषेत. एकाच समाजात दोन भाषारूपांची कामे अशी विभागलेली असतात, हे चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ साली ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा देऊन मांडले. साष्टीच्या श्रोत्याला पुराण मराठीतच हवे होते, कारण पुराण मराठीतच असते हे त्याच्या कानाला ठाऊक होते. लोकसंस्कृती म्हणजे केवळ सोपी भाषा, ही अलीकडची समजूत येथे टिकत नाही. लोकांना थोडी दूरची, थोडी भारदस्त, पण ओळखीची भाषा हवी होती. स्टीफन्सने ती दिली, आणि दूरचेपणा किती ठेवावा ह्याचे माप कोकणी शब्दांनी साधले.

आता शब्दांकडे वळावे. ग्रंथारंभी पुराणरीतीनुसार नमन आहे, मात्र गणेश-शारदेच्या स्थानी त्रैक्य परमेश्वर आणि मरिया ह्यांची योजना आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ हा शब्द आहे. दुष्टात्म्यांना ‘देवचार’ हा गोमंतकीय लोकांच्या नित्य बोलण्यातला शब्द आहे. उलट ‘क्रूस’ आणि धर्मसंस्कारांची व धर्माधिकाराची बहुतेक नावे पोर्तुगीजच राहिली आहेत. ह्या निवडीतून एक सीमारेषा दिसते. संस्थेचे शब्द परके ठेवावयाचे, आणि कल्पनेचे शब्द मात्र देशी घ्यावयाचे. ‘वैकुंठ’ घेतले, पण त्यातला विष्णू घ्यावयाचा नाही, अशी त्याची अट होती. ही अट लेखकाला घालता येते, शब्दाला नाही. वैकुंठाचे नाव ऐकताच साष्टीच्या वृद्ध श्रोत्याच्या मनात काय उभे राहत असेल, ह्यावर कोणत्याही धर्मपरिषदेची सत्ता चालत नव्हती. ख्रिस्तपुराणाचे वाङ्मयीन सामर्थ्य येथे आहे आणि त्याची धर्मशास्त्रीय अडचणही येथेच आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्दांचा भरणा आहे. ही सीमारेषा नंतरच्या हातांनाही अस्थिर वाटली, ह्याचा तो पुरावा होय.

हाच प्रश्न तीन शतकांनी नारायण वामन टिळकांसमोर उलट दिशेने उभा राहिला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना अभंग आणि कीर्तन कोणाकडून उसने आणावयाचे नव्हते. ते त्यांच्या घरचे होते. इंग्रजी चालींवर बसविलेल्या अनुवादित गीतांत मराठी ख्रिस्ती मन रमत नाही, हे त्यांना दिसले, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मोकळेपणी सांगू शकले. स्टीफन्सला हे म्हणता येणे शक्यच नव्हते. तथापि टिळकांच्या मागणीचा पहिला उच्चार साष्टीच्या त्या निनावी ब्राह्मणाने केला, हे विसरता कामा नये.

पुराणाचा पुढील प्रवास मराठीच्या गौरवगाथेत सहसा सांगितला जात नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून देशी लिपीचे खिळे करविण्याची इच्छा व्यक्त केली होती. ती फळाला आली नाही, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत निघाला. मूर्धन्य वर्णांसाठी रोमन अक्षर दुप्पट करण्याची त्याची युक्ती पाहिली, म्हणजे ह्या माणसाचा कान किती तयार होता हे कळते. मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोव्यातून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांमुळे; त्यांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा ह्यांची आवृत्ती निघाली, आणि शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास १९५६ मध्ये आली. ह्या कुटुंबांच्या घरी कोकणी बोलली जात होती आणि भोवती तुळू व कन्नड होती. मराठीशी त्यांचा व्यवहाराचा संबंध उरला नव्हता. तरी त्यांनी ही मराठी ओवी पिढ्यान्‌पिढ्या रोमन अक्षरांत उतरवून घेतली. मराठीच्या स्तुतीसाठी त्यांनी हे श्रम केले नसावेत. त्यांना ऐकण्यासाठी पुराण हवे होते.