‘प्रदूषणदर्शक’ या संज्ञेविषयी

भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. उल्हास नदी या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ व उल्हासनगर या परिसरांतील सांडपाणी याच नदीत उतरत आलेले आहे. अशा खाड्यांच्या तळावरील सूक्ष्म शैवलांविषयी, विशेषतः करंडक वनस्पतींविषयी लिहिताना ‘प्रदूषणदर्शक’ ही संज्ञा सर्रास योजली जाते. तिचा येथे विचार कर्तव्य आहे.

संज्ञेमागील कल्पना जुनी आहे. १९०८ साली जर्मनीत कोल्कवित्झ व मार्सोन यांनी पाण्यातील वनस्पतींच्या जातींवरून सेंद्रिय मालिन्याची प्रत ठरविण्याची पद्धती मांडली. तथापि ती समशीतोष्ण प्रदेशातील गोड्या पाण्यास अनुसरून होती. खाडीत ती जशीच्या तशी लावता येत नाही.

भाषेत ‘कर’ या शब्दाचा अर्थ हात, सरकारी सारा की आज्ञार्थी क्रियापद, हे वाक्यावरूनच ठरते. तळावरील शैवलांचेही तसेच आहे. निट्झशिया या प्रजातीतील काही जाती मलिन पाण्यात बळावतात, तर काही स्वच्छ खाडीच्या चिखलातही सुखाने नांदतात. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शैवलांस पोषक ठरतात. परंतु पाणी गढूळ झाले की तळाशी प्रकाश पोहोचत नाही व वाढ खुंटते. पावसाळ्यात क्षारता उतरते, तेव्हा मालिन्य न वाढताही जाती पालटतात. ओहोटीस उघड्या पडलेल्या चिखलावर त्यांतील कित्येक पेशी पृष्ठभागी येतात आणि भरतीपूर्वी पुन्हा आत शिरतात. म्हणजे एकाच जागी प्रहराप्रहराने मोजणी बदलते.

‘दर्शक’ या शब्दाने मात्र एक खूण, एक अर्थ असा भास होतो. त्यातून दोन विपरीत प्रमाद संभवतात. ऋतूचा परिणाम प्रदूषणाच्या माथी मारला जातो, किंवा प्रदूषणाचा दोष ऋतूवर ढकलून खाडीस निरोगी ठरविले जाते. यांपैकी दुसरा प्रमाद अधिक घातक होय. कारण चिखलास बांधून ठेवणारा चिकट स्राव हीच शैवले निर्माण करतात आणि तळावरील अनेक जीवांचे अन्नही तीच आहेत.

यास्तव नमुन्यासोबत केवळ दिनांक नोंदवून भागणार नाही. क्षारता, गढूळपणा आणि भरती-ओहोटीची वेळ हवी. उधाण होते की भांग, हेही हवे. कोळ्यांच्या बोलीने हा भेद केव्हाच केलेला आहे. शास्त्रीय मराठीने तो नोंदवहीत घ्यावा आणि ‘प्रदूषणदर्शक’ हे विशेषण या संदर्भासहितच योजावे.