‘प्लकी’ : शौर्याचे माप घेणारे विशेषण

इंग्रजीतल्या ‘प्लकी’ या विशेषणासाठी मराठीत चटकन सुचतात ते ‘शूर’ किंवा ‘धाडसी’. अर्थ चुकतो असे नाही. बोलणारा कुठे उभा राहून बोलतो आहे, ते मात्र हरवते.

शब्द मुळात खाटकाच्या दुकानातला. कापलेल्या जनावराच्या छातीतून उपसून काढलेले हृदय, यकृत आणि फुप्फुसे म्हणजे ‘प्लक’. मुष्टियोद्ध्यांच्या बोलीत त्याची ‘धमक’ झाली. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ सालच्या ग्राम्य बोलीच्या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. १८२७च्या रोजनिशीत सर वॉल्टर स्कॉटने तो वापरला, पण शब्द हलक्या लोकांचा असल्याचा शेरा मारूनच. पुढे जॉन कॅम्डन हॉटनच्या बोलीकोशात नोंद सापडते ती अशी, की क्रायमियाच्या युद्धाच्या दिवसांत ‘प्लकी’ मेफेअरमधल्या उच्चभ्रू स्त्रियांच्याही तोंडी रुळू पाहत होता.

दिवाणखान्यात येऊन शब्द सभ्य झाला आणि माझ्या मते तिथेच बिघडला. आखाड्यात ती बरोबरीच्या गड्याला दिलेली दाद होती. आता ती वरून दिलेली शाबासकी झाली. १९१४मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये त्या देशाचे कौतुक झाले ते ‘प्लकी लिटल’ अशा जोडविशेषणाने. काँगोत मात्र हा देश लहान नव्हता. रबराच्या सक्तीपायी जिथे अनन्वित अत्याचार झाले, ती राजा लिओपोल्डची खासगी वसाहत बेल्जियमने १९०८मध्येच आपल्या ताब्यात घेतली होती. एका विशेषणाने साम्राज्याचे चिमुकले पोर करून टाकले! वेलिंग्टनला कोणी ‘प्लकी’ म्हणत नाही.

‘फायस्टी’ ही त्याची अमेरिकी चुलतबहीण. तिचे मूळ एका लहानखुऱ्या कुत्र्याच्या नावात, आणि त्या नावाचे मूळ अपानवायू सोडण्याच्या जुन्या क्रियापदात. हे विशेषण बायकांना लागते, म्हाताऱ्यांना लागते. धिप्पाड सेनापतीला लावले तर थट्टा होते.

धैर्याचा मुक्काम आपल्याकडेही त्याच अवयवांत आहे : काळीज, छाती, फारसीतून आलेली जिगर. पण ‘वाघाचे काळीज’ माणसाला मोठे करते. ‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ यात आकार येतो, तसा विजयही येतो. ‘प्लकी’त विजय गृहीत नाही. त्याचा खरा शेजारी मला वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सापडतो. ‘कडवी झुंज दिली’ एवढे वाचले की धावफलक न पाहताही हरले कोण, ते बहुधा कळते.

म्हणून कादंबरीतल्या ‘प्लकी’ मुलीला भाषांतरात ‘शूर’ म्हटले, की तिच्या पाठीवरचा निवेदकाचा हात पुसला जातो. लेखकाने कदाचित तो हात दाखवण्यासाठीच शब्द योजलेला असतो. ‘झुंजार’ही चालणार नाही, त्याला सभेच्या व्यासपीठाचा वास येतो. मी ‘एवढीशी पोर, पण डगमगली नाही’ असे लिहीन. एका शब्दाचे पाच होतात, ते होऊ द्यावेत.