लुडोचा पट आणि कौशल्याचा शब्द

मंडळी, मोबाइल गेमिंगवर बोला म्हटलं की लोक आकडे मागतात. किती डाउनलोड, किती कोटींची उलाढाल. ते आम्ही आज देणार नाही. नाटकाची समीक्षा करताना तिकीटविक्रीचा हिशेब कुणी वाचून दाखवत नाही. गेम हीसुद्धा एक रचना आहे. ती कशी बांधली आहे, ते पाहू.

'लुडो किंग' घ्या. नवी मुंबईतल्या कंपनीने केलेला, २०१६ सालचा. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पण तो निव्वळ स्वस्त डेटावर चालला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो साध्या फोनवर चालतो, नेट नसलं तरी चालतो, आणि एकच फोन हातोहात फिरवत चौघं खेळू शकतात. घरात फोन एक आणि खेळणारे चार, हे करणाऱ्यानं नीट ओळखलं होतं. याला आम्ही कारागिरी म्हणतो. २०२० च्या टाळेबंदीत वेगवेगळ्या गावांत अडकलेली माणसं या पटावर एकत्र बसली, ती उगाच नाही.

उणीव एकच, पण मोठी. फासा हातात नाही. पुठ्ठ्याच्या पटावर फासा खाटेखाली जायचा, मग 'हा धरायचा नाही, पुन्हा टाक' यावरून भांडण. कुणीतरी सोंगटी गुपचूप एक घर पुढे सरकवायचं. ते सगळं गेलं. आता संशय फोनवर: मुद्दाम सहा देत नाही म्हणे! हसू नका, आम्हीही तेच म्हणतो.

पुढे दुसऱ्या ॲपांनी याच लुडोवर पैसे लावायची सोय केली. पट तोच, सोंगट्या त्याच, पण खेळ तो राहिला नाही. घरी हरलेला माणूस 'अजून एक डाव' म्हणतो तो जिंकण्यासाठी. इथे म्हणतो ते गेलेले पैसे परत यावेत म्हणून. आणि या सगळ्याला आधार एका शब्दाचा: 'कौशल्य'. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ मानलं होतं, त्या खुंटीवर पुढे काय काय टांगलं गेलं! २०२१ मध्ये लुडो नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोचला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने तो भेदच बाजूला सारला. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद.

आमची तक्रार कायद्याच्या आधीची आहे. खेळणाऱ्याच्या कौशल्यावर एवढा खल झाला, करणाऱ्याच्या कौशल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हुशार मुलं पैशाच्या खेळांची बटणं रंगवत बसली. पुण्यातल्या एका छोट्या चमूने मात्र त्याच काळात 'राजी' केला, २०२० मध्ये आला. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी धाटणीचे वाडे, गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. मारामारी मधेच रटाळ होते, हे खरं. पण आधी तो फोनवर आला नाही, कन्सोलवर आला. आपल्याकडे फोन हातोहाती, कन्सोल किती घरांत? इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी तो खेळलाय, हात वर करा.

दोन. बरं.

मग त्याचा पहिला टप्पा पडद्यावर लावतो. मागचे दिवे जरा बंद करा.