फूल नसलेलं रोप

टोमॅटोचं रोप घेताना नजर फसते ती फुलावर. काळ्या पिशवीतल्या वीतभर रोपाला पिवळा झुबका दिसला की गिऱ्हाईक तेच उचलतं. जाणकाराचा हात शेजारच्या बुटक्या, जाड खोडाच्या, एकही कळी नसलेल्या रोपाकडे जातो. मूठभर मातीत फुलावर आलेल्या रोपाने मुळं पसरायच्या आधीच संसार मांडलेला असतो; पुढे ते नुसतं रेंगाळतं.

चांगलं रोप वाचावं ते खालून वर. बुंध्याशी किंचित जांभळट छटा, पेरं जवळजवळ, पान उलटलं तर पांढरी माशी नाही. खोडावर बारीक लव असते. बोट फिरवा, हिरवट-पिवळा डाग पडतो आणि तो उग्र, जरासा कडवट वास हाताला राहतो. मला तर पिकल्या फळापेक्षा हा वासच अधिक टोमॅटोचा वाटतो. या लवेचीच पुढे मुळं होतात, असं पुष्कळजण सांगतात. तसं नाही, मुळं खोडाच्या आतून फुटतात. म्हणूनच खालची पानं खुडून रोप खोल लावायचं: जे आज खोड आहे, ते महिन्याभरात मूळ झालेलं असतं.

बहरीनमधल्या मीना सलमान बंदराच्या आसपास राहणाऱ्याच्या नशिबी मात्र बाल्कनीच. बंदर १९६२चं, २००९मध्ये मालवाहतूक हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदराकडे गेली, पण वाऱ्यातला खार इथेच राहिला. त्याने पानांच्या कडा करपतात. जमीनही खारी, रेताड; तेव्हा कुंडी, कोकोपीट आणि शेणखत. गंमत म्हणजे थोडा खार टोमॅटोला मानवतो: फळ लहान धरतं, पण गोडी वाढते. रोपांसाठी हिवाळ्यात बुदैयाच्या वनस्पती उद्यानातला शनिवारचा शेतकरी बाजार गाठावा.

लागवड ऑक्टोबरअखेर, फळ जानेवारीपासून. दिवसा ३५ अंश आणि रात्री २१-२२च्या वर पारा राहू लागला की पराग निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. बहरीनमध्ये मे उजाडला की खेळ संपला. तिकडे महाराष्ट्रात नारायणगावच्या बाजारात जूनमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर क्रेट चढत असतात, तेव्हा इथल्या कुंड्या पालथ्या पडलेल्या. त्यामुळे इथलं बागेचं स्वप्न मापात असतं, आणि मला त्याची तीच शिस्त आवडते.

रोप हातात असतानाच बेत सुरू होतात. रेलिंगला सुतळीने बांधायचा टोमॅटो, त्याच्या पायाशी कोथिंबीर, उथळ ट्रेमध्ये मेथी, उन्हाच्या कोपऱ्यात दोन मिरच्या, आणि आळंबिळं काही नसताना दुधीसुद्धा. मेथी-कोथिंबीर जमते. दुधी मात्र कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढतो, आणि घरातून पहिली हरकत तिथेच येते.