युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा आणि तंत्रप्रगती : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : कायदा हवा की प्रगती हवी? हा प्रश्नच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. युरोपीय संघाचा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आलेला कायदा हा या विषयावरील पहिला सर्वंकष कायदा मानला जातो. त्याची चिकित्सा केली असता असे दिसते की, हा कायदा यंत्राच्या वापराविषयी बोलतो तेथे टिकाऊ ठरतो. यंत्राचेच मोजमाप करू पाहतो तेथे मात्र लवकर जुना होतो.

वापरावरील बंधने

युरोपीय आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये मांडलेल्या मूळ मसुद्याचे सूत्र 'जोखीम जेवढी, बंधन तेवढे' असे होते. इंटरनेटवरून चेहऱ्यांची छायाचित्रे सरसकट गोळा करून ओळख-संग्रह उभारणे किंवा वैद्यकीय वा सुरक्षेच्या कारणाखेरीज विद्यार्थ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून त्यांच्या भावना यंत्राद्वारे ताडणे, अशा वापरांवर कायद्याच्या पाचव्या अनुच्छेदाने बंदी घातली. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. प्रवेश, परीक्षा, नोकरभरती, कर्जपात्रता यांसंबंधी निर्णय करणाऱ्या प्रणालींवर बंदी नाही. त्या 'उच्च जोखमी'च्या वर्गात मोडतात व त्यांच्यावर नोंदी ठेवण्याची आणि मानवी देखरेखीची जबाबदारी येते. २०२१ नंतर तंत्रज्ञान आमूलाग्र बदलले; तरीही या तरतुदींचे प्रयोजन कमी झालेले नाही. ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश नाकारला गेला, त्याच्या दृष्टीने तो नाकारणारे यंत्र कोणत्या पिढीचे आहे हा प्रश्न गौण असतो.

यंत्राचे मोजमाप

मूळ मसुद्यात सर्वसाधारण उपयोगाच्या मॉडेलांसाठी स्वतंत्र प्रकरण नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतरच्या वाटाघाटींत ते आकारास आले. त्यात एक अंकगणिती सीमारेषा आखली गेली : ज्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी दहाच्या पंचविसाव्या घाताहून अधिक गणनक्रिया झाल्या, ते 'व्यवस्थात्मक जोखमी'चे आहे असे गृहीत धरावे. ही कसोटी सुटसुटीत आहे. परंतु ती केवळ प्रशिक्षणाचे गणन मोजते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या 'ओ-१' मॉडेलने उत्तर देताना अधिक गणन करून क्षमता वाढविण्याची पद्धत पुढे आणली, तर जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने तुलनेने कमी साधनांत मोठी क्षमता साधता येते हे दाखविले. सीमारेषा बदलण्याचा अधिकार आयोगाला आहे, हे खरे. पण तो वारंवार वापरावा लागणे हाच कसोटीच्या अपुरेपणाचा पुरावा ठरेल.

प्रगतीवरील परिणाम

युरोप कायद्यामुळे मागे पडला, हा आरोप कालक्रमाच्या कसोटीवर पूर्णतः टिकत नाही. लंडनमध्ये २०१० साली स्थापन झालेली डीपमाइंड ही संस्था गुगलने २०१४ मध्ये विकत घेतली. त्या वेळी ब्रिटन संघात होता आणि असा कोणताही कायदा नव्हता. मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाने नियमांच्या ओझ्यावर बोट ठेवले; त्याचबरोबर विखुरलेली बाजारपेठ व भांडवलाची कमतरता हीदेखील कारणे सांगितली.

तथापि कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट नाकारू नये. उच्च जोखमीच्या बहुतांश तरतुदी मूळ वेळापत्रकानुसार २ ऑगस्ट २०२६ पासून लागू व्हावयाच्या होत्या. पण त्यांचे पालन कसे करावे हे सांगणारी तांत्रिक मानके वेळेत तयार झाली नाहीत. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी आयोगानेच मुदतवाढीचा प्रस्ताव मांडला. मोठी कंपनी अशा अनिश्चिततेत वकिलांची फौज पोसू शकते; नवा उद्योजक मात्र थांबून राहतो. येथे प्रगतीस बाधा येते ती कठोरपणामुळे नव्हे, तर संदिग्धतेमुळे.

भारतीय संदर्भ

भारतातही याचे लघुरूप दिसले. १ मार्च २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने अपुऱ्या चाचणीच्या मॉडेलांसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची सूचना काढली. टीकेनंतर १५ मार्च रोजी नव्या सूचनेद्वारे ही अट मागे घेण्यात आली. 'अपुरी चाचणी' म्हणजे काय, याची व्याख्याच नसल्याने अट पंधरवडाही टिकली नाही.

निष्कर्ष

नियमन आणि प्रगती यांत उपजत वैर नाही. अमुक एक कृती माणसावर अन्याय करते, असे स्पष्टपणे सांगणारा नियम संशोधकालाही वाट दाखवितो. यंत्राच्या आकारावरून त्याचे चारित्र्य ठरविणारा नियम मात्र यंत्राच्या मागे धावत राहतो. भारतात पुढे असा कायदा करावयाचा झाल्यास युरोपच्या पाचव्या अनुच्छेदाचा अभ्यास अवश्य व्हावा. परंतु मानके आधी व मुदत नंतर, हा क्रम पाळला जावा.