एक पलंग, दोन पाळ्या: ‘द फ्लॅटशेअर’ संशोधकाच्या नजरेने वाचताना

“मला हलक्याफुलक्या प्रेमकथा आवडतात, पण त्यावर पीएच.डी. होते का?” हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. एका चर्चासत्रात मी अशाच पुस्तकांवर बोलले होते, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “यात संशोधन ते काय?” मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते आज एका कादंबरीच्या आधारे देऊन बघते.

कादंबरी आहे बेथ ओ’लिअरी यांची ‘द फ्लॅटशेअर’ (२०१९). स्थळ लंडन. टिफी एका छोट्या प्रकाशनसंस्थेत सहाय्यक संपादक आहे. प्रियकराशी नातं तुटलंय, पगार तुटपुंजा, आणि त्याच्या घरातून बाहेर पडायचंय. लिऑन मरणासन्न रुग्णांची सेवा करणारा नर्स, कायम रातपाळी. तुरुंगात असलेल्या भावाच्या खटल्यासाठी त्याला पैसे हवेत. म्हणून तो महिना ३५० पौंडांवर घराचा अर्धा वाटा भाड्याने देतो. रात्री आणि शनिवार-रविवार घर टिफीचं, दिवसा लिऑनचं. पलंग एकच. बरंच पुस्तक होईपर्यंत दोघं एकमेकांना बघतसुद्धा नाहीत; चिकटचिठ्ठ्यांवरून बोलतात.

आता इथे थांबा. आत्ता मी जे लिहिलं तो कथासार आहे, समीक्षा नव्हे. आराखडा लिहिताना आपली पहिली चूक इथेच होते: दहा पानं कथा सांगतो आणि शेवटी ‘लेखिकेने सुंदर चित्रण केले आहे’ असं म्हणून मोकळे होतो. समीक्षेला विधान लागतं, आणि ते असं हवं की समोरचा म्हणू शकेल, “मला नाही पटत.”

माझं पहिलं विधान असं होतं: या प्रेमकथेतला खरा अडथळा माणूस नसून वेळ आहे. आधाराला पामेला रेजिस होत्या. प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक त्यांनी २००३च्या पुस्तकात मांडले, त्यातला एक म्हणजे नायक-नायिकेमधला अडथळा. जुन्या कथांत तो घराण्याचा, पैशाचा, गैरसमजाचा असतो. इथे तो वेळापत्रकाचा आहे. लेखिकेनेच सांगितलंय की कल्पना सुचली ती डॉक्टर जोडीदाराबरोबर नव्याने राहायला लागल्यावर. तो रात्री कामावर, ती दिवसा. सिंकपाशी राहिलेल्या कपांवरून त्याचा दिवस कसा गेला ते तिला कळायचं. पुस्तकही तिने नोकरीला जाता-येता ट्रेनमध्ये लिहिलं. सगळं कसं छान जुळत होतं.

जास्तच छान जुळायला लागलं की संशोधकाने सावध व्हावं. मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त माझ्या विधानाविरुद्धचे पुरावे शोधायला. आणि जस्टिन सापडला.

जस्टिन हा टिफीचा पूर्वीचा प्रियकर. ती कुठे आहे हे त्याला कसं कोण जाणे कळतं, आणि तो न सांगता समोर उभा राहतो. तिची स्वतःच्या आठवणींवरची खात्रीच त्याने हळूहळू काढून घेतलेली आहे. आपल्यावर झालं ते प्रेम नव्हतं, छळ होता, हे तिला एका झटक्यात उमगत नाही, तुकड्यातुकड्याने उमगतं. विनोदी कादंबरीत हे इतक्या संयमाने येतं, ही मला या पुस्तकाची सर्वांत मोठी ताकद वाटते.

आता चिठ्ठ्यांकडे परत या. जस्टिन सतत हजर असतो, लिऑन सतत गैरहजर. चिठ्ठीला उत्तर लगेच द्यावं लागत नाही. खोलीत नसलेला माणूस आवाज चढवत नाही, वाट अडवत नाही. म्हणजे ज्याला मी अडथळा म्हणत होते, तो वेळेचा अभावच टिफीचा आडोसा आहे! माझं विधान उलटं झालं: इथे न भेटणं हेच विश्वासाचं पहिलं रूप आहे. पहिलं विधान मोडलं म्हणून घाबरू नका. ते मोडल्याशिवाय दुसरं सापडलं नसतं.

मग पुस्तक कुठे कमी पडतं? घरकामात. आर्ली हॉचशील्ड यांनी १९८९मध्ये ‘द सेकंड शिफ्ट’मध्ये दाखवलं की दोघं कमावत असले तरी घरातली दुसरी पाळी बहुतेक बाईच्या वाट्याला येते. ओ’लिअरींच्या घरात हा तंटा चिठ्ठीतल्या थट्टेत विरतो, कारण दोघंही मुळात समंजस आहेत. सगळा वाईटपणा जस्टिनच्या खात्यावर जमा झाल्यामुळे चांगल्या माणसांमधली रोजची कुरबूर लेखिकेला लिहावीच लागत नाही. मला ती हवी होती.

आणखी एक प्रश्न आपल्या मातीतला. पाळीपाळीने एकाच जागी झोपणं मुंबईला नवं नाही. गिरणगावातल्या खोल्यांत कितीतरी कामगार असेच राहिले: एक कामावर निघाला की दुसरा पथारीवर. बायकामुलं कोकणात, घाटावर. तिथे ही गंमत नव्हती, गरज होती. टिफी-लिऑनलाही पैशांची गरजच एकत्र आणते. पण ती गरज रोमँटिक केव्हा होते, आणि कोणासाठी? इथे एक अख्खा शोधनिबंध दडलाय.

भाषेचं तर विचारूच नका. लिऑनच्या प्रकरणांत ‘मी’ गाळलेला असतो, त्यामुळे इंग्रजीत तो थकलेला, तुटक वाटतो. मराठीत ‘आलो, जेवलो, झोपलो’ अगदी सहज वाटतं. मग त्याचं तुटकपण अनुवादक कुठून आणणार?

तर “यात संशोधन ते काय?” याचं माझं उत्तर: संशोधन पुस्तकाच्या वजनात नसतं, तुमच्या प्रश्नात असतं. तुमच्या आवडीचं एक हलकं पुस्तक घ्या. एका वाक्यात विधान लिहा. मग त्याच्याविरुद्धचे तीन पुरावे त्याच पुस्तकातून शोधा. विधान टिकलं तर उत्तम. मोडलं तर अजून उत्तम.