घरची शाळा : पद्धत निवडण्याआधी काय वाचायचं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेले पालक आता पुण्या-मुंबईत भेटू लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : "पद्धत कोणती घ्यावी?" माँटेसोरी, शार्लट मेसन, अनस्कूलिंग, की सरळ बोर्डाची पुस्तकं? जणू दुकानात चार डबे मांडलेत आणि आपल्या मुलाला मानवेल तो उचलायचा आहे. आमचं म्हणणं असं की या बहुतेक पद्धतींमागे एकेक ग्रंथ आहे, आणि त्यात मुलाबरोबर एक मोठं माणूसही गृहीत धरलेलं आहे. मुलाचं वर्णन सगळे वाचतात. पण ते मोठं माणूस कोण, त्याचा दिवस कसा जातो आणि त्या घरात बाहेरचं कोण येतं-जातं, हे वाचायचं राहून जातं. आज आपण तेवढंच वाचू.

सुरुवात रूसोच्या 'एमिल'पासून, म्हणजे १७६२पासून. मुलाला पुस्तकांत कोंबू नका, अनुभवातून शिकू द्या, हा विचार तिथून पसरला. पण त्या ग्रंथाची मांडणी बघा. एक मुलगा, एक शिक्षक, आणि त्या शिक्षकाला आयुष्याची वीसेक वर्षं दुसरं काहीच काम नाही. मुलाला वाटतं आपण मोकळे आहोत. प्रत्यक्षात त्याच्याभोवतीचा प्रत्येक प्रसंग शिक्षकाने आधीच रचलेला असतो, आणि रूसो हे लपवतही नाही. "आमच्याकडे सगळं मुलाच्या मनानं चालतं" असं कुणी म्हणालं, की रूसोचा हा शिक्षक आठवावा. मन मुलाचं, पण दोरी कुणाच्या हातात?

शार्लट मेसन यांचं 'होम एज्युकेशन' १८८६ सालचं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून ते झालं. नऊ वर्षांखालच्या मुलांसाठी धडे थोडक्या वेळाचे, दिवसाचे कितीतरी तास मोकळ्या हवेत, आणि एकदाच वाचून दाखवलेलं मुलानं आपल्या शब्दांत परत सांगायचं. ही शेवटची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. परत सांगताना मूल निवडतं, क्रम लावतं, गाळतं. प्रश्नपत्रिकेला जे कळत नाही ते ऐकणाऱ्याला कळतं. कीर्तन ऐकून आलेली आजी घरी आख्यान सांगायची, तेव्हा हेच घडत होतं. मात्र हे पुस्तक ज्या घरांत गेलं तिथे स्वयंपाकाला माणूस होतं, मुलांना सांभाळायला दाई होती. आपल्याकडे कुकर लावून, धुणं वाळत घालून, मधल्या वेळात मीटिंग आटपून आई ते परत सांगणं ऐकणार. 'आई' असं आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण बहुतेक घरांत नोकरी सोडणारी तीच असते. पद्धतीची किंमत कोण मोजतंय, हा प्रश्नही शिक्षणाचाच आहे.

माँटेसोरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत निघालं. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी ते होतं. वेगवेगळ्या वयांची पन्नासएक मुलं एकत्र. मोठ्यांचं बघून धाकटी शिकत. आज तेच साहित्य विकत आणून एकुलत्या एका मुलापुढे मांडलं जातं. लाकडी ठोकळे आले, पण ती बाकीची मुलं कुठून आणणार?

आता जॉन होल्ट. अनस्कूलिंग हा शब्द रूढ केला तो यांनी. हे मूळचे शाळामास्तर. १९६४च्या 'हाऊ चिल्ड्रन फेल'मध्ये त्यांनी जे टिपलं ते आजही बोचतं : वर्गातलं मूल विचार करत नाही, बाईंना कोणतं उत्तर हवं आहे याचा अंदाज घेतं, आणि हे सगळं भीतीपोटी. इथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. अडचण पुढे येते. मूल चालायला, बोलायला न शिकवता शिकतं, म्हणून बाकीचंही तसंच शिकेल, असं हे अनुमान आहे. पण मराठी मुलाच्या कानावर दिवसभर पडते. अपूर्णांक पडत नाहीत. लिपी, गणित या माणसाने कष्टाने घडवलेल्या गोष्टी आहेत, त्या कुणीतरी हाती द्याव्या लागतात. मोठ्यांच्या खऱ्या कामात मुलांना वाव हवा, असं होल्ट सांगतात. सुताराच्या, शेतकऱ्याच्या घरात ते समजतं. दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर असतील, तर मुलाला दिसणार काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे सगळं परक्या देशातलं झालं. आपल्याकडे घरच्या शिक्षणाची थोर साक्ष आहे पंडिता रमाबाईंची. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं. तीर्थयात्रा चालू, अभ्यासही चालू. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या तरुण मुलीला 'पंडिता' म्हटलं. प्रेम, वेळ, विद्वान आईबाप, कशालाच कमतरता नव्हती. तरी रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे, की बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नव्हता आणि संस्कृतखेरीज भाषा शिकायची सोय नव्हती. दुष्काळ आला तेव्हा पोट भरण्याचं एकही काम घरात कुणाला येत नव्हतं. आईवडील आणि थोरली बहीण त्या काळात गेले.

या रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढलं. घरी शिकलेल्या बाईने दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा काढावी, याचा अर्थ आपण लावायला हवा. त्यांना घरचं शिक्षण लाभलं होतं. ज्यांना तसं घरच नाही त्यांचं काय, हे त्यांनी पाहिलं.

याचा अर्थ शाळा आपोआप चांगली, असा नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. शाळेच्या भिंतीतही जात असते. पण तिथे ती दिसते आणि तिच्याशी भांडता येतं. घरात आपल्यासारखीच माणसं येतात, म्हणून ती दिसतच नाही.

तेव्हा पद्धत निवडताना आम्ही तीन प्रश्न सुचवतो. मुलाजवळ बसणारं माणूस कोण, आणि ते काय सोडून बसणार आहे? आपल्याला जे येत नाही, ते मुलाला कोण देणार? आणि आपण निवडलेलं नाही असं माणूस मुलाला रोज कुठे भेटणार? या तिन्हींची उत्तरं असतील, तर मेसन घ्या, होल्ट घ्या, दोघांचं थोडं थोडं घ्या. फारसं बिघडणार नाही. नसतील, तर कोणतीही पद्धत तारणार नाही.

व्यवहाराचंही बोलू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचं नाव नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे तो पालकांचं कर्तव्य मानतो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे. म्हणजे परीक्षेचं दार उघडं आहे. त्या कायद्याच्या नावातला हक्क मात्र मुलाचा आहे. पद्धत आपण निवडतो, वर्षं त्याची खर्च होतात. म्हणून दरवर्षी एकदा त्यालाच विचारावं, आणि "मला शाळेत जायचंय" असं तो म्हणाला, तर ते आपलं अपयश समजू नये.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.